शार्लमेनच्या मागे किती मागे? फ्रँक सरदारांच्या वंशावळीतले कच्चे दुवे

सावरीची_शेंग

माझी भाची बेल्जियममध्ये लिएजला दिली आहे. तिचे सासरे निवृत्त झाल्यापासून वंशावळीच्या नादाला लागलेत आणि गेल्या महिन्यात त्यांनी घराण्याचा भलामोठा तक्ता मला पाठवला. सोळाव्या शतकापर्यंत चर्चच्या नोंदी आहेत, त्याआधी एका लहान जहागीरदाराच्या घरात उडी, तिथून व्हर्मांद्वाचे काउंट (उत्तर फ्रान्समधले सरदार), तिथून शार्लमेन (फ्रँक लोकांचा राजा, पुढे सम्राट). इथे थांबतील असं वाटलं होतं. पण तक्ता पुढे (म्हणजे मागे) मेत्सचा बिशप आर्नुल्फ, रोमन सिनेटर आन्सबर्ट असं करत थेट ट्रॉयला पोचतो.

गंमत म्हणून एकेक दुवा तपासायला घेतला आणि आता त्यातून बाहेरच पडता येईना. जेवढं हाती लागलं ते मांडते, जाणकारांनी भर घालावी.

आधी पक्का भाग. शार्लमेनचा मुलगा इटलीचा राजा पेपिन, ८१० मध्ये वारला. त्याचा मुलगा बर्नार्ड. यानं काका लुई द पायस याच्याविरुद्ध उठाव केला, ८१८ मध्ये त्याचे डोळे काढले आणि त्यातच तो गेला. बर्नार्डचा मुलगा पुन्हा पेपिन आणि त्याचा मुलगा व्हर्मांद्वाचा पहिला एरिबेर. हा शेवटचा टप्पा प्र्यूमच्या मठाचा मठाधिपती राहिलेल्या रेगिनोनं लिहून ठेवला आहे, साधारण ९०८ च्या सुमारास. तो आठशे अठराची हकीकत सांगता सांगता मध्येच म्हणतो, की या बर्नार्डला पेपिन नावाचा मुलगा होता, पेपिनला बर्नार्ड, पेपिन आणि एरिबेर असे तीन मुलगे, आणि या एरिबेरनं आमच्याच काळात काउंट रोडुल्फला ठार मारलं. म्हणजे रेगिनो स्वतःच्या हयातीतल्या माणसाबद्दल बोलतोय आणि त्याला हे घराणं थोर ठरवण्यात काडीचा रस नाही. खून सांगायचाय, त्या ओघात वंश आला. अशी साक्ष मला सगळ्यात भरवशाची वाटते.

शार्लमेनच्या मागे वडील धाकटा पेपिन (७५१ मध्ये राजा झाला), आजोबा चार्ल्स मार्टेल, पणजोबा हेर्स्टालचा पेपिन, हेही पक्कं. हेर्स्टाल आता लिएजला चिकटलेलं उपनगर आहे, त्यामुळे सासरेबुवांची छाती फुगणं साहजिक आहे. या पेपिनची आई बेग्गा आणि वडील आन्सेगिसेल. इथपर्यंतही ठीक.

गडबड पुढे सुरू होते. आन्सेगिसेल हा बिशप आर्नुल्फचा मुलगा, असं नावानिशी सांगणारा पहिला माणूस म्हणजे इतिहासकार पॉल द डीकन. आर्नुल्फ वारला ६४० च्या सुमारास, पॉलनं लिहिलं ७८४ च्या आसपास. मधे जवळजवळ दीडशे वर्षं! आर्नुल्फचं जवळच्या काळातलं एक चरित्र आहे, त्यात त्याला दोन मुलगे झाले एवढंच आहे, नावं नाहीत. पॉल लिहीत होता मेत्सच्या बिशपसाठी, शार्लमेनच्या राज्यात. शार्लमेनची राणी हिल्डेगार्ड नुकतीच (७८३ मध्ये) मेत्सला आर्नुल्फच्याच चर्चमध्ये पुरली होती. राजाच्या खापरपणजोबाचा बाप संत निघाला तर राजाही खूश आणि बिशपही. वर पॉल असंही सांगतो, की मुलाचं नाव ट्रोजन वीर अँकायसिसवरून ठेवलं होतं. तक्त्यातलं ट्रॉय आलं ते इथून.

मला हे नातं खोटंच आहे असं म्हणायचं नाही. ते खरं असूही शकेल. आर्नुल्फ आणि बेग्गाचा बाप थोरला पेपिन यांनी मिळून ६१३ मध्ये दुसऱ्या क्लोथार राजाला बोलावून आणलं होतं, दोघं राजकारणात खांद्याला खांदा लावून होते, मग मुलामुलीचं लग्न लावलं असेल. पण "असेल" हा शब्द तक्त्यात कुठेच नाही, तिथे सरळ काळी रेघ आहे.

आता माझे प्रश्न. आन्सबर्ट आणि ब्लिथिल्ड या जोडप्याचं काय करायचं? आणि कागदच नसतील तर या काळातल्या वंशावळी इतिहासकार जुळवतात तरी कशा?

टांगा_पलटी

पहिला! निवांत वाचतो. तोवर मेरोव्हेखचा (मेरोव्हिंजियन राजघराण्याचा मूळपुरुष) बाप समुद्रातला प्राणी होता हे तक्त्यात आहे का ते सांगा.

सावरीची_शेंग

@टांगा_पलटी, नाही हो, तेवढी लाज राखली आहे. :) फ्रेडेगार नावाखाली ओळखल्या जाणाऱ्या सातव्या शतकातल्या बखरीत ती कथा येते: फ्रँक राजा क्लोडिओची बायको समुद्रात स्नानाला गेली असता क्विनोटॉर नावाचं श्वापद आलं वगैरे. त्याच्या कितीतरी आधी तूरचा बिशप ग्रेगरी एवढंच लिहितो, की काही जण म्हणतात मेरोव्हेख क्लोडिओच्या वंशातला होता. "काही जण म्हणतात" हे सहाव्या शतकातल्या माणसाला लिहावंसं वाटलं, आणि आपण एकविसाव्या शतकात ठाम!

पोटमाळा

उत्तम धागा. ब्लिथिल्डबद्दल सांगतो.

ही बाई पहिल्यांदा दिसते शार्लमेनच्या काळात मेत्सला तयार झालेल्या एका वंशावळीत. तिच्यानुसार सिनेटर घराण्यातल्या आन्सबर्टनं पहिल्या क्लोथार राजाची मुलगी ब्लिथिल्ड हिच्याशी लग्न केलं, त्यांचा मुलगा आर्नोआल्ड, त्याचा मुलगा आर्नुल्फ. एका दगडात दोन पक्षी: शार्लमेनच्या रक्तात रोमन सिनेटरही आले आणि ज्यांचं सिंहासन त्याच्या बापानं ७५१ मध्ये काढून घेतलं ते मेरोव्हिंजियनही आले.

आता ग्रेगरीकडे जा. तो ५९४ मध्ये वारला, क्लोथारच्या मुलांशी त्याचं रोजचं उठणंबसणं होतं. क्लोथारला वेगवेगळ्या बायकांपासून सात मुलगे झाले, असं तो नावं घेऊन सांगतो. एका मुलीचंही नाव देतो, क्लोडोस्विंथा, जी लाँबार्ड राजा अल्बोइनला दिली होती. ब्लिथिल्डचा पत्ता नाही. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) सिनेटर घराण्यात राजकन्या सून म्हणून आली असती आणि स्वतः त्याच वर्गातला असलेला, कुळाचा भारी अभिमान बाळगणारा ग्रेगरी गप्प बसला असता? छे.

आर्नोआल्ड मात्र खरा आहे, तो मेत्सचा बिशप होता. पण तो आर्नुल्फचा बाप होता याला आधार तोच कागद. खऱ्या माणसांच्या मधे एक काल्पनिक माणूस बसवला की सगळी माळ खरी वाटते. माझं मत: ब्लिथिल्डला सरळ काढून टाका. तुटक रेघसुद्धा नको.

कुंपणाबाहेरचा

प्रतिवाद करतो. मुलींची नावं साधनांत गळतातच. ग्रेगरीनं नाव दिलं नाही म्हणजे मुलगी नव्हतीच, असं कसं म्हणता? उद्या याच न्यायानं अर्धी मेरोव्हिंजियन राजघराणी पुसावी लागतील.

पोटमाळा

बरोबर, नुसत्या मौनावर कुणाला पुसू नये. पण इथे दोनशे वर्षांनी, राजाच्या सोयीच्या वेळी, राजाच्या लाडक्या गावात नाव उगवतंय. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की संशयाचा फायदा ब्लिथिल्डला देता येत नाही.

आणि संशय आपणच घेतोय असं नाही, त्या काळातही घ्यायचे. ५८४ मध्ये किल्पेरिक राजाचा खून झाला तेव्हा त्याचा मुलगा क्लोथार (हाच पुढे दुसरा क्लोथार) अवघ्या चार महिन्यांचा. काका गुंत्राम म्हणाला, मला बाप्तिस्म्याला तीनदा बोलावलं आणि मूल एकदाही दाखवलं नाही, हे कुणा सरदाराचं पोर असणार. तेव्हा राणी फ्रेडेगुंडनं तीन बिशप आणि तीनशे प्रतिष्ठित माणसं उभी केली. त्या सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की मूल किल्पेरिकचंच आहे. पुढचे सगळे मेरोव्हिंजियन राजे याच क्लोथारचे वंशज. म्हणजे या अख्ख्या राजवंशाचा एक दुवा तीनशे लोकांच्या शपथेवर टांगलेला आहे. त्याच सुमारास गुंडोवाल्ड म्हणून एक जण "मी थोरल्या (म्हणजे पहिल्या) क्लोथारचा मुलगा" म्हणत फिरत होता. त्याच्या आईनं त्याचे केस राजपुत्रासारखे लांब वाढवले होते. थोरल्या क्लोथारनं "हा माझा नव्हे" म्हणून ते कापायला लावले होते. ५८५ मध्ये त्याला मारून टाकला. खरा होता की खोटा, ग्रेगरीलाही निकाल देता आलेला नाही.

फेरफार_नोंद

महसूल खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे "कागदच नसतील तर" या वाक्याला अडखळलो. कागद आहेत. बखरी सोडा आणि मठांची दानपत्रं बघा.

एकच उदाहरण देतो. १३ ऑगस्ट ७६२ ला पेपिन राजा आणि राणी बेर्त्राडा (शार्लमेनचे आईबाप) यांनी प्र्यूमच्या मठाला मोठं दान दिलं. त्यात रोमर्सहाइम नावाचं गाव आहे. सनदेत राजा सांगतो, की यातला एक हिस्सा मला माझे वडील चार्ल्स यांच्याकडून आला आणि दुसरा हिस्सा बेर्त्राडाला तिचे वडील हेरिबर्ट यांच्याकडून. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकाच गटात दोन घरांची नावं दिसली की पहिला प्रश्न काय येतो? यांचा मूळपुरुष एक होता का? इतिहासकारही तेच विचारतात.

उत्तर मात्र वाकडं आहे. हेर्स्टालच्या पेपिनची लग्नाची बायको प्लेक्ट्रूड. ७०६ च्या एख्टरनाख मठाच्या सनदेत ती हुगोबर्टची मुलगी असल्याचं लिहिलं आहे. प्र्यूमचा मठ ७२१ मध्ये पहिल्यांदा स्थापला तो थोरल्या बेर्त्राडानं, मुलगा हेरिबर्ट याला बरोबर घेऊन. हीच राणी बेर्त्राडाची आजी. प्लेक्ट्रूड आणि थोरली बेर्त्राडा या बहिणी असाव्यात असा तर्क आहे आणि त्यांची आई म्हणून त्रियरमधल्या ओरेन मठाच्या इर्मिनाचं नाव घेतात, जिनं धर्मप्रचारक विलिब्रॉर्डला एख्टरनाखची जमीन दिली. तसं असेल तर रोमर्सहाइम दोन बहिणींत वाटलं गेलं, हे जुळतं.

पण चार्ल्स मार्टेल प्लेक्ट्रूडचा मुलगा नव्हे! तो दुसऱ्या बाईचा, अल्पाइडाचा. बाप ७१४ मध्ये गेल्यावर प्लेक्ट्रूडनं त्याला कोंडून ठेवलं होतं. तो निसटला, लढला आणि सावत्र आईकडून बापाचा खजिना काढून घेतला. मग तिच्या वाटणीचं गाव त्याच्याकडे वारशानं आलं की तलवारीनं? बहुतेक दुसरंच. तेव्हा "जमीन एक म्हणजे रक्त एक" असं डोळे मिटून म्हणता येत नाही. जमीन बळकावलेलीही असते, हे आमच्या खात्यात कुणाला सांगायला लागत नाही.

सावरीची_शेंग

@फेरफार_नोंद काका, अफलातून! तक्त्यात इर्मिना "दागोबर्त राजाची मुलगी" म्हणून आहे. तेही नंतरचं का?

फेरफार_नोंद

नंतरचंच. मठाला दान देणारी बाई पुढे संत झाली, मग शतकांनी तिला राजकन्या केली. तिच्या स्वतःच्या दानपत्रांत राजा बापाचा उल्लेख नाही, आणि खरंच राजकन्या असती तर तो पहिल्या ओळीत आला असता. काढून टाका.

लोणारी

नावांवरून वंश जुळवतात त्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही? त्या काळी आडनाव नव्हतं. माणसाला एकच नाव आणि ते घरातल्याच नावांतून निवडायचं. म्हणून एखाद्या घराण्यात रॉबर्ट, दुसऱ्यात विलहेल्म-बर्नार्ड असे नावांचे संच फिरत राहतात. नवं नाव घरात आलं तर ते बहुधा आईच्या माहेरून आलेलं असतं, असा अंदाज करतात.

ह्यूग कापेचं घराणं पाहा. ९८७ पासून फ्रान्सच्या गादीवर. त्याचा पणजोबा बलवान रॉबर्ट, ८६६ मध्ये ब्रिसार्तला व्हायकिंगांशी लढताना मेला. (रेगिनो म्हणतो, उकाड्यानं चिलखत काढून बसला होता आणि शत्रू अचानक बाहेर पडला.) या रॉबर्टचा बाप कोण? ९९० च्या दशकात इतिहासकार रिशेर लिहितो, विटिकिन नावाचा परका जर्मन. लोकांनी लगेच तो शार्लमेनशी लढलेला सॅक्सन विडुकिंड करून टाकला.

१९३० च्या दशकात कार्ल ग्लॉकनरनं वेगळी वाट धरली. तो लोर्शच्या मठाच्या दानपत्रांचा संपादक होता. बाराव्या शतकात नकलून ठेवलेली तीन हजार आठशेच्या वर दानपत्रं आहेत ती. हा मठ ७६४ मध्ये काउंट कांकोर आणि त्याची आई विलिस्विंडा यांनी स्थापला. तिचा नवरा रॉबर्ट. पुढे ऱ्हाइनकाठी वोर्म्सच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या रॉबर्ट नावाचे काउंट दिसतात, नवव्या शतकाच्या मध्याला तिथला रॉबर्ट दिसेनासा होतो आणि ८५२ मध्ये लुआर नदीकाठी मार्मूतिए मठाचा मालक म्हणून एक रॉबर्ट उगवतो. ग्लॉकनर म्हणाला, दोघं एकच.

हा नुसता नावांचा खेळ असता तर मी हसलो असतो. पण ८९२ च्या नोंदीत रेगिनो ऱ्हाइनकडच्या काउंट मेगिंगॉडचा खून सांगतो आणि त्याला राजा ओडोचा पुतण्या-भाचा म्हणतो. ओडो म्हणजे बलवान रॉबर्टचा मुलगा. लुआरच्या घराण्याचा नातेवाईक ऱ्हाइनकाठी सापडला. माझ्या लेखी "संभाव्य"पेक्षा एक पायरी वर, "सिद्ध"च्या एक पायरी खाली.

कुंपणाबाहेरचा

नावांची पद्धत मला फार धोक्याची वाटते. बड्या धन्याच्या घरातलं नाव खालचे सरदारही उचलत असतील. शार्लमेननं स्वतः काय केलं? ७७८ मध्ये जुळे झाले तेव्हा त्यांची नावं ठेवली लुई आणि लोथार, म्हणजे मेरोव्हिंजियनांची क्लोव्हिस आणि क्लोथार ही नावं. तुमच्या नियमानं हिल्डेगार्ड मेरोव्हिंजियन ठरायला हवी!

लोणारी

हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. म्हणून तर मेगिंगॉड लागतो. नाव, जमीन, कुणी स्पष्ट लिहिलेलं नातं, यातलं किमान दोन हवं.

ओल्या_काजूची_उसळ

वाचनमात्र होते, पण दुओदाचं नाव न घेता हा धागा पुढे जाऊ देणार नाही.

सेप्टिमेनियाचा (दक्षिण फ्रान्समधला प्रांत) बर्नार्ड याची बायको दुओदा. नवरा राजकारणात, ती उझेसला एकटी. ८४१ ते ८४३ मध्ये तिनं थोरल्या मुलासाठी, विलहेल्मसाठी, उपदेशपर ग्रंथ लिहिला. धाकटा नुकताच जन्मला होता आणि बापानं बाप्तिस्म्याआधीच त्याला नेलं, त्यामुळे ती लिहिते की तुझ्या धाकट्या भावाचं नाव मला अजून माहीत नाही. आईला मुलाचं नाव माहीत नाही! तर ती विलहेल्मला सांगते, की बापाच्या घरातल्या या मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना कर: विलहेल्म, कुनेगुंड, गेरबेर्गा, विटबुर्ग, थिओडेरिक, गोझेल्म, वार्नर, रोथलिंड.

आता ८०४ ची जेलोनच्या मठाची सनद घ्या. मठ स्थापणारा विलहेल्म म्हणजे बर्नार्डचा बाप. सनदेत तो आईबापांची नावं देतो, थिओडेरिक आणि अल्डाना, आणि आपल्या दोन बायकांची, कुनेगुंड आणि विटबुर्ग. या सनदेच्या दोन वेगवेगळ्या प्रती आहेत, कारण जेलोन आणि आन्यान हे मठ पुढे एकमेकांशी हक्कावरून भांडत बसले आणि सनदेत हात घातला गेला. म्हणजे कागद मळलेला. पण दुओदाला त्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं आणि तिच्या यादीत सासरा आणि त्याच्या दोन्ही बायका तशाच सापडतात. मळलेल्या कागदातला तेवढा भाग तिनं स्वच्छ केला. गेरबेर्गा आणि गोझेल्म तर इतर साधनांतही आहेत: ८३४ मध्ये लुई द पायसचा मुलगा लोथार यानं गोझेल्मचा शिरच्छेद केला आणि गेरबेर्गाला चेटकीण म्हणून सोन नदीत बुडवलं.

खबरदारी मात्र घ्या. दुओदाच्या यादीतला थिओडेरिक बहुधा तिच्या मुलाचा धर्मपिता आहे, सनदेतला थिओडेरिक म्हणजे पणजोबा. जालावरच्या तक्त्यांत दोघांचा एक केलेला असतो. अल्डानाला चार्ल्स मार्टेलची मुलगी करतात, सनदेत तसं काही नाही. आणि पणजोबा थिओडेरिक म्हणजे बगदादहून आलेला ज्यू राजपुत्र माखिर, हा १९७२ चा सिद्धान्त तर अभ्यासकांनी केव्हाच बाजूला ठेवला आहे, तक्त्यांत तो मजेत नांदतोय.

दुओदा स्वतःच्या आईबापांची नावं मात्र कुठेच देत नाही. जालावर तीही "मिळतात".

टांगा_पलटी

एवढं करण्यापेक्षा सासऱ्यांनी डीएनए करावा की. नळीत थुंकायचं, काम खलास.

पोटमाळा

नाही होत. दर पिढीला वारसा निम्मा होतो. दहाबारा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाचा एकही तुकडा तुमच्यात उरला नाही असं सहज घडतं, इथे तर चाळीसेक पिढ्या आहेत. दुसरं म्हणजे चाळीस पिढ्यांमागे पूर्वजांच्या जागा मोजल्या तर एक लाख कोटींवर जातात, तेवढी माणसं पृथ्वीवर कधी नव्हतीच. म्हणजे तेच तेच लोक पुन्हा पुन्हा येतात. पश्चिम युरोपातला कुणीही शार्लमेनचा वंशज असण्याची शक्यता इतकी दाट आहे, की प्रश्न वंशज आहे का हा नसून कागदानं दाखवता येतं का, एवढाच आहे.

सावरीची_शेंग

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीच्या सासऱ्यांशी काल व्हिडिओ कॉल झाला. ब्लिथिल्ड, आन्सबर्ट आणि ट्रॉय काढायला ते तयार झाले (सासूबाई ट्रॉयसाठी हळहळल्या). आर्नुल्फला तुटक रेघ. इर्मिना राहिली, पण दागोबर्त गेला. आता एक शेवटचं: थोरल्या बेर्त्राडाच्या नवऱ्याच्या जागी "लाँचा मार्टिन" आहे. ठेवू का?

फेरफार_नोंद

नको. मार्टिन नावाचा सरदार खरा आहे. ६८० च्या सुमारास हेर्स्टालच्या पेपिनच्या बाजूनं लढला, हरला आणि लाँला जाऊन दडला. विरुद्ध बाजूच्या एब्रोइननं दूत पाठवून शपथेवर अभय दिलं, पण ज्या पेट्यांवर हात ठेवून शपथ घेतली त्यांत संतांचे अवशेष नव्हतेच, पेट्या रिकाम्या होत्या. मार्टिन बाहेर आला आणि मारला गेला. बेर्त्राडाशी त्याचा संबंध कुठल्याच जुन्या कागदात नाही. तिचा मुलगा हेरिबर्ट पुढे लाँचा काउंट होता, गाव एकच निघालं, एवढ्यावर कुणीतरी लग्न लावून दिलंय. त्या चौकटीत "अज्ञात" लिहा. आणि सासऱ्यांना सांगा, एरिबेरच्या खालच्या पिढ्याही एकदा दाखवा. सोळाव्या शतकातला जहागीरदार व्हर्मांद्वाच्या घरात नेमका कुठून शिरला, ते अजून कुणी विचारलेलं नाही.